बापूकाकांच्या पेटीबद्दल

पाचपाखाडी, ठाणे
१४ जुलै

प्रिय दिग्या,

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय. गॅरार्ड टर्नटेबल, म्हणजे आपलं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, काकांच्या ज्या लाकडी पेटीत बसवलेलं होतं तिच्यातून बाहेर काढलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणेल. तू म्हणणार नाहीस.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. हिची शुगर आटोक्यात आहे.

नौपाड्याची बिल्डिंग रिकामी झाली, आम्ही इथे भाड्याने आलो. ओटा तुटणारच होता, म्हणून त्याच्या कडप्प्याच्या दोन लाद्या शाबूत काढून घेतल्या. तोच ओटा, ज्यावर चढून तू आईचा लाडवांचा डबा पाडलास आणि नाव माझं सांगितलंस! गॅरार्ड त्यात बसवायला मार्बलवाल्याकडून मापाचं भोक पाडून घेतलं. नुसता कडप्पा बोटाने वाजवला की टणटण करतो, म्हणून मध्ये प्लायचा थर घालून दोन्ही लाद्या चिकटवल्या. आता वाजवलं की ठक्क, बस्स. पंचवीसेक किलोचं धूड आहे. लिफ्ट आहे म्हणून वर आलं.

आता ऐक. आर्म तोच, सुई धरणारी कार्ट्रिज तीच, सुईचा भार तोच, मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांची एलपीही तीच. कडप्प्यावर सुई टेकली आणि पहिला सूर येईपर्यंत जी घरघर असायची ती जवळजवळ गेली. गॅरार्ड ४०१ ची मोटर मिनिटाला दीड हजाराच्या आसपास फिरते, रबरी चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून तिला फिरवतं. थरथर गिळायला मध्ये पट्टा नाही. मोटर स्प्रिंगांवर टांगलेली असली तरी काही थरथर खाली उतरतेच, आणि दगड ती पुढे जाऊ देत नाही. डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळहात घासून ओढलेला सूर, कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते स्वच्छ कळतं. पेटीत तो नुसता "गुं" होता.

पण तंबोरे बारीक झाले रे. खर्जाची तार आहे, सुरात आहे, पण खोली भरत नाही. दोन्हीकडची रेकॉर्डिंग केली, आवाजाची पातळी सारखी केली आणि हिला न सांगता ऐकवली. घिस्सा तिला दगडावरचा आवडला. तंबोऱ्याला मात्र दर वेळी तिने पेटीच निवडली.

मग पेटी उलटी करून बॅटरी मारली. तळाच्या प्लायला आतून सागाची एक पट्टी चिकटवलेली आहे, वीतभर. आधारासाठी म्हणावी तर ती तिरकी आहे, कोपऱ्याला टेकतही नाही. आणि तिच्या शेजारी सरसाचे तीन जुने डाग, पट्टीच्याच मापाचे. प्रत्येक डागाजवळ पेन्सिलीने आकडे, १, २, ३, काकांच्या त्या मागे झुकणाऱ्या अक्षरात. पट्टी आहे ती ४ वर.

दिग्या, ते पेटी लावत होते. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी. पट्टी सरकवायची, ऐकायचं, पुन्हा उखडायची. आपण समोर बसून चहा-खारी खात होतो आणि आपल्याला वाटायचं, रेकॉर्डच अशी आहे.

हे कळल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. ज्याला मी पेटीचा दोष समजत होतो तो त्यांनी कान लावून घडवलेला होता. मग खरी एलपी कुठली, कडप्प्यावरची की त्यांची? हिशेबाने बघितलं तर कडप्प्यावरची. पेटी स्वतःचं काहीतरी मिसळते. पण अण्णांची भरलेली मैफल समोर बसून ऐकलेला माणूस होता तो. त्या काळच्या रेकॉर्डमध्ये काय उणं पडतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. मला दोन्ही बाजू पटतात आणि झोप लागत नाही.

थाळीवर रेकॉर्डखाली घालायच्या मॅटवरून तुझं भांडण आठवतं? "मॅटने काही होत नाही, गाणाऱ्याने होतं" म्हणून तलावपाळीवर भेळ अर्धी टाकून निघून गेला होतास. मी अजून मानत नाही. आता प्रत्येक मॅटला आर्म वर-खाली करून ऐकलं. मिलिमीटरभर जाडीने नऊ इंची आर्मचा कोन पाव अंशच बदलतो, पण मॅट चार मिलिमीटर जाड असला तर अख्खा अंश, म्हणून कोनाचा तो फरक आधी काढून टाकला. तरीही दगडावर नमद्याच्या मॅटने तबल्याच्या कडेवरची चाट मऊ होते आणि कॉर्कवर लख्ख येते. चपलावाल्याकडून कापून घेतलेलं चामडं मला सगळ्यांत आवडलं. पेटीवर मात्र गॅरार्डचा मूळचा रबरी मॅटच बरा, बाकी कुठल्यानेही फारसं काही होत नाही. म्हणजे काकांच्या घरी तू म्हणत होतास तेही बरोबरच होतं. तुझ्या टेक्निक्स टर्नटेबलवर मात्र चामडं लावून बघच, त्यातल्या वेग स्थिर ठेवणाऱ्या क्वार्ट्झचं कौतुक नंतर सांग.

लेकीला नागपुरातच प्रवेश मिळाला हे ऐकून फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. बदलीचं काय ते कळव.

खरी अडचण आता सांगतो. घर बदलताना पेटीला ओल लागली. तळाच्या प्लायचे पापुद्रे सुटलेत, पट्टीची एक बाजू उचलली आहे. सुतार म्हणतो तळ बदला. पण प्लायची जाडी बदलली, तो घट्ट किंवा सैल बसला, की ४ ही जागा ४ राहणार नाही. नाही बदलला तर पुढच्या पावसाळ्यात तळ हातात येईल. पापुद्र्यांत सरस भरून आहे तोच तळ दाबून बसवावा असं मला वाटतं, पण पेटी तुझ्या वडिलांची आहे, म्हणून तू सांग. तोवर सुताराला हात लावू देत नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. काका सुईचे तास ज्यात लिहायचे ती निळी डायरी तुमच्या माळ्यावर आहे का बघ. पट्टीबद्दल कुठे काही लिहिलं असेल तर त्यातच सापडेल.