नाव न सांगता सोबत करणाऱ्यांचे आभार
वडील गेल्यानंतर ज्यांनी मला सावरले, त्यांतील बहुतेकांची नावेही मला ठाऊक नाहीत. म्हणून हे आभार जाहीरपणे मानते आहे.

रुग्णालयाच्या जिन्यात मी सुन्न बसले असताना एक अनोळखी बाई शेजारी येऊन बसल्या आणि 'धीर धरा' असे एकदाही न म्हणता, माझा हुंदका ओसरेपर्यंत माझी पिशवी मांडीवर धरून राहिल्या. त्या अबोल सोबतीचे मोल मला आजही शब्दांत मांडता येत नाही.

पुढे एका आधारगटात भेटलेल्या ज्येष्ठ गृहस्थांचे ऋण तर फारच मोठे आहे. शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार) क्रमाने पार पडलेच पाहिजेत, असे समजून मी स्वतःलाच दोष देत होते. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले ते टप्पे मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आले होते, मागे राहिलेल्यांसाठी आखलेले ते वेळापत्रक नव्हे, हे त्या गृहस्थांनी मला शांतपणे समजावले, आणि मनावरचे मोठे ओझे उतरले.

वडिलांचा चष्मा मी कित्येक महिने पुसला नव्हता, कारण डाव्या काचेवर त्यांच्या अंगठ्याचा पुसट ठसा होता. हे सांगताना मला संकोच वाटला, ते गृहस्थ मात्र एवढेच म्हणाले, "राहू द्या, घाई कसली?"

गेल्या आठवड्यात ती काच मी माझ्या हातांनी पुसली. आपण दोघे जिथे असाल तिथे माझी ही मनःपूर्वक कृतज्ञता पोहोचावी.