सभासदांना सूचना : पोलिसांचा फोन आल्यास

सप्रेम नमस्कार. ग्रामसभेत डोंगरकापणीवर प्रश्न विचारल्यापासून आपल्यातल्या काही जणांना ‘चौकीवर येऊन जा’ असे फोन येत आहेत. कोणीही घाबरून एकटे जाऊ नये. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सरकारची बंदी मोडून सभा घेतली, त्या गोव्यात ग्रामसभेत बोलल्याबद्दल कोणी धास्तावावे हे आम्हाला मान्य नाही.

साक्षीदार म्हणून बोलवायचे तर लेखी आदेश लागतो. फोनवर ‘लेखी पाठवा, साहेब’ एवढेच नम्रपणे सांगा. कागद आला की त्यावरचे कलम, तारीख, अधिकाऱ्याचे नाव आणि सही नीट बघा, फोटो काढून सचिवांना पाठवा. मग मात्र हजर राहाच, नोटीस टाळणे अंगाशी येते. महिलांना आणि साठीपुढच्या पुरुषांना साक्षीसाठी चौकीवर येण्याची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). घरच्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

अटक झालीच तर कारण सांगणे, घरच्यांना कळवणे आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेणे बंधनकारक आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुरासाठी कोणी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ अ’ची भीती घातली, तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले आहे. तरीही खात्री नसलेले, कोणाच्या धर्मावर घसरणारे काही टाकू नका.

मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन करा. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता देवळाच्या सभामंडपात वकील भेटतील. आलेले कागद सोबत आणा.

– सचिव