किल्ली कोणाकडे?

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणेशोत्सवाच्या शिलकीतून आपले मंडळ एईडी (लय बिघडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) घेणार आहे, हे फोनवर ऐकून बरे वाटले. मात्र ते कार्यालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे ठरले आहे, हे कळल्यावर लिहायला बसलो.

इथे इंग्लंडात आमच्या गावाच्या नाक्यावर जुना लाल टेलिफोन बूथ आहे. त्यातला फोन केव्हाच गेला आणि त्या जागी हे यंत्र आले. पेटीला आकड्यांचे कुलूप आहे, पण 999 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला की पलीकडचा माणूस आकडा सांगतो. गेल्या महिन्यात आम्हाला पुतळ्यावर तालीम दिली, तेव्हा यंत्रासोबतच्या पिशवीत कात्री आणि दाढीचे रेझरही निघाले. केसाळ छातीवर यंत्राच्या झटका देणाऱ्या पट्ट्या नीट चिकटत नाहीत म्हणे. (मला नानाकाका आठवले. त्यांना सांगू नका.)

हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते आणि माणूस बहुधा शुद्धीवर असतो. कार्डियाक अरेस्टमध्ये मात्र बहुतेक वेळा हृदयाची विद्युत लय बिघडून ते नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही आणि माणूस जागीच कोसळतो. मग छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. लास व्हेगासच्या जुगारघरांत पहारेकऱ्यांच्या हाती हे यंत्र देऊन केलेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि 3 मिनिटांत झटका मिळालेल्या रुग्णांपैकी 74 टक्के वाचले. ते पहारेकरी होते, डॉक्टर नव्हेत. चुकून झटका बसेल ही कार्यवाहांची भीती रास्त वाटते, पण यंत्र आधी लय तपासते आणि गरज नसेल तर झटका देतच नाही.

आता रात्री दहाला राजेंद्रनगरात कोणी कोसळले आणि किल्ली खिशात घेऊन कार्यवाह उज्जैनला लग्नाला गेलेले असले, तर? म्हणून पेटी फाटकापाशी, पहारेकऱ्याच्या खोलीच्या भिंतीवर लावा. तो रात्रभर तिथे असतो. भिंत सावलीची बघा, कारण अशी बरीच यंत्रे 50 अंशांपर्यंतच ठेवता येतात आणि मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात पत्र्याची पेटी किती तापते, हे तुम्हाला सांगायला नको. पट्ट्या आणि बॅटरी यांची मुदतही खजिनदारांच्या वहीत लिहून ठेवायला सांगा.

पुण्याच्या आत्याच्या सोसायटीतही हाच विचार चालला आहे, तिला हे पत्र वाचून दाखवा. भिंतीचा फोटो पाठवा, दुपारी दोनचा.

आईस नमस्कार.

आपला,
मंदार