बेचाळीस किलोमीटर आणि आपले सोळाशे मीटर

परभणी,
जानेवारीअखेर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "मुंबईची मॅरेथॉन पूर्ण झाली का?" मी "झाली" म्हणालो आणि पुढं बोलता येईना. म्हणून आज तूर मळणीतून सवड काढून लिहायला बसलोय.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली पहिल्यांदा झाली तेव्हा आपण बालवाडीत होतो. आता जानेवारीतला एक रविवार त्या शहराचा अर्धा भाग पळणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. मी शुक्रवारी सकाळी देवगिरी एक्स्प्रेसनं उतरलो. आपली गाडी जिथं थांबते त्याच सीएसएमटीसमोरून शर्यत सुटते. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेतला. त्याच्या मागं चिप चिकटवलेली असते, रस्त्यावरच्या पट्टीवरून गेलं की आपली वेळ आपोआप नोंदली जाते.

रविवारी पहाटे 5 वाजता अंधारात सुटलो. पोलीस भरतीच्या मैदानावर शिट्टी वाजली की पोटात कसा गोळा यायचा, आठवतं ना? तसाच आला. सोळाशे मीटरला 20 मार्क, 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तरच पूर्ण. शेजारचा पोरगा एक पाऊल पुढं गेला की आपल्या घरातली नोकरी घेऊन चाललाय असं वाटायचं. त्याच सवयीनं मी पहिले दोन किलोमीटर माणसं मोजत, कापत पळालो. मग मरीन ड्राइव्हवर एक साठीचे काका शेजारी आले आणि म्हणाले, "हळू रे बाळा, लांब जायचंय." आणि माझ्याच चालीनं पळू लागले. गड्या, इतकी वर्षं पळालो, पण शर्यतीत शेजारच्यानं मला हळू पळ म्हटलं ते पहिल्यांदाच.

सी लिंकवर उजाडलं. आपल्याकडं जानेवारीत कानाला मफलर लागतो, तिथं मात्र सकाळीच अंग चिकचिकत होतं. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापत जातं. विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या कोरड्या थंडीत केलेला सराव इथं पुरा पडला नाही, हे तुला मुद्दाम सांगतो. पाणी थोडं थोडं पीत राहायचं.

माहीमवरून परत फिरलो. शिवाजी पार्कच्या पुढं फुटपाथवर एक आजी स्टीलचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात सोललेल्या संत्र्याच्या फोडी, एका कडेला मीठ आणि एका कडेला तिळाच्या वड्या. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. मी थांबलो तर त्यांनी वडी थेट तोंडातच घातली आणि विचारलं, "कुठला रे तू?" परभणी म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तर अजून एक घे, लांबून आलास." त्या वडीची चव हाजी अलीपर्यंत जिभेवर होती.

तीस किलोमीटर ओलांडले की अंगातली साखर संपत येते म्हणतात, ते खरं आहे. पस्तिसाव्या किलोमीटरला मांड्या दगड झाल्या आणि पुढं पेडर रोडचा चढ. त्याच चढावर आमच्यानंतर दोन तासांहून उशिरा सुटलेले आफ्रिकेचे धावपटू शेजारून निघून गेले. पावलांचा आवाजच नाही रे! जमिनीला पाय लागतोय की नाही, कळेना. चालणारे सगळे थांबून टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. आपल्या परभणीची ज्योती गवते 2017 साली याच मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली होती. ती आपल्याच मातीतली, हे मनाशी म्हणत उरलेला चढ चढलो.

4 तास 51 मिनिटांत पोचलो. गळ्यात पदक पडलं आणि मला भरतीच्या मैदानावरचा तू आठवलास. तीन सेकंदांनी राहिलास, भिंतीला टेकून बूट काढलेस आणि पुन्हा घातले नाहीस. आपल्या दोघांत चांगला पळणारा तूच होतास, हे मी तेव्हा बोललो नाही, कारण माझं नाव यादीत होतं आणि तुझ्याकडं बघवत नव्हतं. ते आज लिहितो. माझ्या मागून साडेपाच, सहा तासांनी येणाऱ्यांसाठीही तिथं तेवढ्याच टाळ्या होत्या. यादी लावून कुणाला घरी पाठवत नव्हते. तुझं पळणं त्या तीन सेकंदांवर संपलं, हे मला अजून मान्य नाही.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या गेटवर ये. पाचच किलोमीटर, तुझ्या चालीनं. आईनं हुरड्याचं ठरवलंय, पळून झालं की थेट शेतात जाऊ. बुटाचा नंबर अजून नऊच आहे ना? माझा एक जोड नवाच पडून आहे, तो घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, पोरीला गोड पापा.

तुझाच,
सोळाशेतला जोडीदार