विषय: मेलवरून केलेल्या कामाला आपोआप ‘आज’ची मुदत लागण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या मदत केंद्राशी चौथ्यांदा बोललो. पाचवा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

मी बेळगावात जीएसटीचं काम करतो. उद्यमबागेतले फौंड्रीवाले, शहापूरचे साडीवाले, निपाणीचे तंबाखू व्यापारी, सगळ्यांची बिलं मेलवर येतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मेलला झेंडा लावला की तो कामांच्या यादीत जातो आणि त्याला त्याच दिवसाची मुदत पडते. सेटिंगमध्ये आज, उद्या, हा आठवडा, पुढचा आठवडा, एवढंच. माझं काम आठवड्यावर चालत नाही. टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, 7 तारखेला, जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, 11 ला, आणि 3बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, 20 ला.

गेल्या महिन्यात एका फौंड्रीची बिलं 8 तारखेला आली. झेंडा लावला, 9 ला मुदत उलटली म्हणून काम लाल. खरी मुदत न संपलेली अशी दीडशे कामं आधीच लाल होती. त्या ढिगात 20 तारीख निघून गेली. 3बी 23 ला भरलं. दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, वर करावर 18 टक्क्यांनी व्याज. दोन्ही मी खिशातून भरलं. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे ते. मालक रागावले नाहीत, नुसते गप्प बसले. ते जास्त लागलं.

हे सगळं आज तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “सर, तारीख हातानं बदला ना, दोन सेकंदांचं काम आहे.” मी म्हटलं, दिवसाला साठ मेल येतात. “मग असिस्टंट ठेवा.” आपोआप पडणारी मुदत मला ठरवता येईल अशी सोय कधी देणार, विचारलं. सतरा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणाला, “बाकी कुणाचीच तक्रार नाही सर. तुम्ही भिंतीवर कॅलेंडर लावून बघा.”

माझ्या वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं गोल करून तीस वर्षं विक्रीकराचं काम केलं. एक तारीख चुकली नाही. तुम्हाला पैसे भरून माझी चुकली.

फोन ठेवल्यावर मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढली आहे.’ निकाली निघालेली नाही. झेंडा लावताना पडणारी तारीख मला ठरवता आली पाहिजे, महिन्याची ठरावीक तारीखसुद्धा. येत्या 10 तारखेपर्यंत लेखी उत्तर द्या. नाहीतर ऑफिसच्या चारही संगणकांची वर्गणी बंद करतो आणि ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो.

एक कर सल्लागार,
बेळगाव