मोडिंग करणाऱ्या मुलांना रागावू नका

मा. संपादक, स. न. वि. वि.

मी इंदूरला रामबागेत शाळकरी मुलांना संगणक शिकवते. मुलं ‘जीटीए सॅन अँड्रियास’ या २००५ मध्ये संगणकावर आलेल्या खेळात मोडिंगसाठी, म्हणजे खेळात स्वतः बदल करण्यासाठी, ‘क्लिओ’ ही छोट्या स्क्रिप्ट (आदेशांच्या फाइली) चालवणारी लायब्ररी घालतात आणि पालक कपाळाला हात लावतात. जरा शेजारी बसून बघा हो! एएसआय लोडर (खेळात बाहेरच्या ‘एएसआय’ फाइली चालू करणारी फाइल) आणि क्लिओ खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकायचे, स्क्रिप्ट क्लिओच्या फोल्डरमध्ये. ०ए८डी हा आदेश मेमरीतला आकडा वाचतो, ०ए८सी तिथे नवा लिहितो. खेळाच्या १.० आवृत्तीत पैसे मेमरीतल्या बी७सीई५० या पत्त्यावर, चार बाइटमध्ये असतात (एक बाइट म्हणजे ० ते २५५ एवढाच आकडा मावणारा कप्पा). एकच बाइट वाचला तर ३०० चे ४४ दिसतात! असं का, हे शोधताना आमच्या आठवीतल्या मुलीला बाइट जसा समजला, तसा व्याख्या पाठ करून समजत नाही.

मात्र अनोळखी ठिकाणची एएसआय फाइल हा खेळासोबत चालणारा प्रोग्रामच असतो. घरच्या बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर होत असतील, तर अँटिव्हायरस बंद करून ती मुळीच चालवू देऊ नये. ऑनलाइन सर्व्हरवर तर हे प्रकार नकोतच, ती दुसऱ्या खेळाडूंची फसवणूक आहे.

आपल्या पुरवणीत यावर मराठीतून सदर सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

— एक संगणक शिक्षिका, रामबाग, इंदूर