माझगावच्या चिनी देवळातला कौल कोण वाचणार?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: माझगाव येथील चिनी देवळातल्या लेखांची नोंद आणि मराठी भाषांतर करून घेण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी माझगावात वाढले. वडील गोदीत फिटर, गाव राजापूरकडचं. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, नवाब टँक रोडला, एक चिनी देऊळ आहे: सी यप कून. १९१९ मधलं, आणि मुंबईत असं हे एकच. तुम्ही कधी आला नसाल तर डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरून यायला सोपं. सरकारी गाडीनं निघालात तर ट्रॅफिकच्या मर्जीवर.

बाहेरून पाहिलं तर घरासारखं घर. तळमजल्यावर क्वान यिन, करुणेची देवी. उभ्या जिन्यानं वर गेलं की क्वान कुंग. हा चीनमधल्या हान राजवटीच्या अखेरचा सेनापती, इ. स. २२० च्या सुमारास मारला गेला आणि शब्दाला जागणारा म्हणून पुढे देव झाला. लाल चेहरा, छातीवर रुळणारी दाढी. आमच्या आजीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडून म्हणाली, "आपल्या वेतोबासारखो राखणदार दिसता." तिच्या माहेरच्या बोलीत याहून मोठी पावती नव्हती.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. काकाच्या नोकरीचं काही होत नव्हतं, म्हणून आजी मला घेऊन तिथे गेली. तिथे बांबूच्या नळकांड्यात आकडे घातलेल्या पट्ट्या असतात. गुडघ्यावर बसून नळकांडं हलवत राहायचं, एक पट्टी बाहेर पडेपर्यंत. मग चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला म्हणजे देवाचा होकार. होकार मिळाला की त्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. आजी खाली बसली, तिनं नळकांडं हातात घेतलं आणि आधी सवयीनं चक्क गाऱ्हाणंच घातलं, 'बा देवा म्हाराजा' पासून. पट्टी पडली तशी माझ्याकडे वळून म्हणाली, "अगो, ह्यो तर कौलच!" देवाला प्रश्न विचारून घेतलेला उजवा-डावा कौल ज्यानं कोकणात पाहिलाय त्याला यात परकं काय वाटणार? देवळातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि हिंदीत एवढंच सांगितलं, "अभी रुकने का." चार ओळींची चिठ्ठी आणि तीन शब्दांचा अर्थ. काका थांबला. दुसरा इलाजही नव्हता.

महोदय, मला बोलायचंय ते या चार ओळींबद्दल.

'सी यप' म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातले हे चार तालुके म्हणा ना. तिथली माणसं एकोणिसाव्या शतकात बोटींवरून जगभर गेली, आणि जिथे गेली तिथे गाववाल्यांसाठी एक बैठक बांधली. देव वरती, आणि खाली नव्यानं उतरलेल्याला पथारी, ओळखीपाळखी, कामाचा पत्ता. गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या आठवा, तसंच. मेलबर्नमध्ये याच चार परगण्यांचं १८६६ सालचं देऊळ आहे, सिडनीत १८९८ चं. दोन्ही तिथल्या राज्यांच्या वारसा नोंदवहीत आहेत. कोलकात्यात टिरेटा बाजारात १९०५ चं 'सी इप चर्च' आहे. हो, चर्चच, तिथे चिनी देवळाला चर्च म्हणायची रीत पडलीय. आमचं माझगावचं देऊळ या भावंडांतलं धाकटं. गोदी जवळ, बोटींवरचे चिनी सुतार आणि खलाशी इथे उतरत, म्हणून ते इथे.

पुढे काहीजण शहरात मुरले. कामाठीपुऱ्यात शुक्लाजी स्ट्रीटला त्यांची वस्ती होती. कोणी चपला-बूट शिवले, कोणी दात बसवले, कोणी हॉटेलं काढली. आज नाक्यानाक्यावर लाल गाडीवर जे 'मंचुरियन' मिळतं ते मूळचं १९७५ सालचं, इथलंच, क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरातलं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी केलेलं. चायनीज भेळेवर आपण सगळ्यांनी हक्क सांगितला. माणसांबाबत मात्र हात आखडता घेतला.

१९६२ चं युद्ध झालं आणि चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं देशभरातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवली गेली, बहुतेक आसाम-बंगालकडची. शेवटची माणसं १९६७ मध्ये सुटली. कायदा असा केला होता की आजोबा चिनी असले तरी पुरे. बाहेर राहिलेल्यांनाही पोलिसांत नोंद करावी लागे, गावाबाहेर जायला परवानगी काढावी लागे. गंमत पाहा, हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांत याच क्वान कुंगाचा देव्हारा असतो, आणि इथे त्याचे भक्त पोलिसांच्या वहीत सह्या करत होते. माणसं कॅनडाला गेली, कुठे कुठे गेली. मुंबईत राहिली ती मोजकी.

आता मुद्द्यावर येते. देवळाला रंग द्या, निधी द्या असं मी मागत नाही. देऊळ त्यांचं आहे आणि त्यांनी ते शंभर वर्षं सरकारला न विचारता सांभाळलंय. मला धास्ती आहे ती वेगळी. चार परगण्यांच्या बोलीत ती जुनी अक्षरं वाचणारी माणसं संपत चालली आहेत. फळ्यांवरचे लेख, चिठ्ठ्या, अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीतल्या दगडांवरची गावांची नावं, हे सगळं शाबूत राहील आणि तरीही मुकं होईल.

आपल्या खात्याखाली गॅझेटियर काढणारा दर्शनिका विभाग आहे. मुंबई शहराचं जुनं इंग्रजी गॅझेटियर १९०९ पासून निघालं; देऊळ त्यानंतर दहा वर्षांनी झालं. म्हणजे चुकामूक. ती आता भरून काढता येईल. जुनी कागदपत्रं जपणारं पुराभिलेख संचालनालयही आपलंच. तिथून दोन माणसं आणि चांगला कॅमेरा पाठवा. अर्थात आधी देवळाच्या मंडळींना विचारून, आणि त्यांनी नको म्हटलं ते सोडून. वाचायला माणूस कुठून आणायचा? शांतिनिकेतनात १९३७ पासून चिनी भाषा शिकवणारं चीना भवन आहे, त्यांना पत्र लिहा. प्रत्येक लेखाची मूळ अक्षरं, उच्चार आणि मराठी अर्थ, एवढं एका पुस्तिकेत मावेल. जोडीला माझगाव, कामाठीपुरा, कुलाब्यातल्या चिनी घरांतल्या वृद्धांची बोलणी ध्वनिमुद्रित करा; त्यातले बरेचजण बंबैया हिंदी बोलतात, दुभाष्या लागणार नाही. १९६२ बद्दल त्यांना बोलायचं नसेल तर तेही चालेल. नोकरी, लग्न, जेवण, काहीही बोलू द्या.

एक विनंती हात जोडून: सुशोभीकरण नको. गल्लीच्या तोंडाशी ड्रॅगनची कमान, कागदी कंदील, 'आय लव्ह चायनाटाऊन'चा सेल्फी पॉइंट, यातलं काही नको. आमची गल्ली अरुंद आहे, टेम्पो वळत नाही.

घाई अशासाठी की आमच्या भागात उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. माझी स्वतःची चाळ गेली. तिच्या पायरीवर मालकानं कोरून घेतलेली चार ओळींची फरशी होती, मोडी आणि गुजरातीत. बिल्डरच्या माणसाला मी दोनदा सांगितलं, फोटो तरी काढून ठेवा. फरशी डबरात गेली आणि फोटो माझ्याकडेही नाही. रोज तिच्यावर पाय देऊन आत जाणाऱ्या साठ बिऱ्हाडांपैकी तिच्यावर काय लिहिलं होतं हे आज एकालाही सांगता येत नाही. लिपी तर आपली होती.

आजीची ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे, पोथीत ठेवलेली. कागद पिवळा पडलाय, घडीवर विरलाय. "अभी रुकने का" ही त्यातली नक्की कितवी ओळ आणि बाकीच्या तीन काय म्हणतात, ते मला कळलेलं नाही. आपली माणसं देवळात आली की मी ती घेऊन खाली येईन. आधी देवळातलं वाचू द्या, मग वेळ उरला तर ही.

आपली,
माझगावची एक रहिवासी